हृदयविकार व प्राणवायूचा दाह



आजारी बांधवांच्या भेटीस आम्ही जातों, तेव्हां हृदयविकाराच्या झटक्यांतून उठलेल्या कित्येकांच्या उशाशीं डॉक्टरांच्या औषधांजवळ आणखी एक बाटली दिसते. तिजवर ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द असतो. ती बहुधा कोणी शेजाऱ्यानें सुचविलेली असते, आणि कधीं कधीं तिच्या भरंवशावर खरें औषध बंद झालेलें असतें. म्हणून या विषयावर चार शब्द बोलणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

ज्या प्राणवायूवर आपण जगतों, तोच लोखंडास गंज आणितो व उघडें राहिलेलें तेल खवट करितो. आपल्या देहांतील पेशी अन्नापासून शक्ति निर्माण करितात, तेव्हां या वायूचे कांहीं उग्र कण उत्पन्न होतात. ते पेशींस इजा करितात. त्यांजवर देहानें पहारेकरीही नेमिले आहेत. १९६९ सालीं मॅकॉर्ड व फ्रिडोविच या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं ‘सुपरऑक्साइड डिसम्यूटेज’ नांवाच्या अशाच एका रक्षकाचें कार्य उघड केलें. क व ई हीं जीवनसत्त्वेंही त्याच कामीं येतात. कण फार व रक्षक थोडे, अशी स्थिति झाली म्हणजे तिला ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ म्हणतात.

हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणाऱ्या धमनींत गुठळी होऊन रक्त अडलें म्हणजे झटका येतो. पुढें रक्त पुन्हां वाहूं लागतें, तेव्हां या उग्र कणांचा एकदम लोट उठतो. अशा रोग्यांचें रक्त तपासलें असतां इजेची खूण सांगणारीं द्रव्यें वाढलेलीं व रक्षक द्रव्यें घटलेलीं पुष्कळदां आढळतात.

मग जें उणें आहे तें गोळ्यांनीं भरून काढावें, असें वाटणें साहजिक आहे. परंतु आग विझविल्यावर विहिरीचें पाणी उतरलेलें दिसलें, म्हणून पाणी उतरल्यामुळें आग लागली असें कोणी म्हणत नाहीं. उणीव हें रोगाचें कारण कीं परिणाम, याचा निवाडा प्रयोगानेंच होतो. ब्रिटनमध्यें हृदयविकार, धमन्यांचे रोग वा मधुमेह असलेल्या २०,५३६ जणांवर असा प्रयोग झाला. त्यांपैकीं निम्म्यांस पांच वर्षें ई, क व बीटा-कॅरोटीन दिलें. २००२ सालीं त्याचें फळ प्रसिद्ध झालें. रक्तांतील ई जीवनसत्त्व जवळजवळ दुप्पट झालें. परंतु झटके कमी झाले नाहींत व मृत्यूही घटले नाहींत. त्याच प्रयोगांत कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या सिमव्हास्टॅटिन या औषधानें मात्र हृदयाचे व मेंदूचे झटके सुमारें चतुर्थांशानें कमी केले. त्यापूर्वीं, १९९४ सालीं, फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांनीं फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढलेला दिसला होता.

तेव्हां, बंधुभगिनींनो, फळें व पालेभाज्या आनंदानें खाव्या. तंबाखू व सिगारेट सोडावी, कारण तो धूर स्वतःच उग्र कणांनीं भरलेला असतो. डॉक्टरांस विचारल्यावांचून एकही औषध बंद करूं नये. आणि छातींत दडपण येऊन घाम सुटला, हात वा जबडा दुखूं लागला, तर गोळी शोधीत घरीं बसूं नये. १०८ क्रमांकास बोलावून तत्काळ रुग्णालय गांठावें. अडलेल्या रक्ताविना हृदयाचा स्नायु क्षणाक्षणानें मरत असतो.

बाटलीवरील शब्द कितीही मोठा असो, घरांतील माणूस त्याहून मोठें आहे, इतकें सांगून आम्ही आपली रजा घेतों.