रानातला कंद आणि संप्रेरकांचा कारखाना



स्त्रियांच्या संप्रेरकांवर आज नवनव्या कंपन्या उभ्या राहत आहेत. त्या संदर्भात मेक्सिकोतील 'सिंटेक्स'चा इतिहास पाहण्याजोगा आहे. रानकंदातून प्रोजेस्टेरॉन बनविण्याच्या रसेल मार्करच्या पद्धतीत भांडवल गुंतविण्यास अमेरिकन औषध कंपन्यांनी नकार दिला. तेव्हा १९४४ साली दोन भागीदारांसह त्याने ही कंपनी काढली आणि वर्षभरातच त्यांच्याशी बिनसून तो बाहेर पडला. तेथेच १९५१ साली लुईस मिरामोंतेस या तरुण मेक्सिकन विद्यार्थ्याच्या हातून नोरेथिस्टेरॉन सिद्ध झाले. गर्भनिरोधक गोळीने स्त्रीच्या आयुष्यात घडविलेला पालट कमी लेखण्याचे कारण नाही.

पण हा 'बार्बास्को' (मराठी प्रतिशब्द मला सापडला नाही, कंद म्हणूनच चालवून घ्यावे) खणीत कोण होते? व्हेराक्रुझ, ओआहाका येथील गरीब शेतकरी. त्याचे पुढे काय होते, हे त्यांतील पुष्कळांना ठाऊकही नव्हते. १९७५ साली मेक्सिको सरकारने 'प्रोकिव्हेमेक्स' ही सार्वजनिक कंपनी स्थापून कंदाला वाढीव भाव मागितला. परकीय कंपन्यांनी खरेदी आखडली आणि त्या अन्य कच्च्या मालाकडे वळल्या.

१९९४ साली 'रोश'ने सिंटेक्स विकत घेतली, सुमारे ५३० कोटी डॉलरना.