आधी पोराला विचारा

इंदापूर-बारामतीहून दवाखाने बंद ठेवून आलेल्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्ष म्हणून ग्रामीण भागातल्या कॅन्सरचा आढावा मी घ्यावा, असं संयोजकांनी पत्रात लिहिलं होतं. तंबाखू, गर्भाशयमुख, बार्शीला १९८७ पासून चालू असलेली ग्रामीण कर्करोग नोंदणी, हे सगळं टिपणात आहे. टिपण वाटलेलं आहे. मला बरीच वर्षं एकच गोष्ट बोलायची होती, ती आज बोलतो.

शंभरातले पाच-दहा कॅन्सर वारशाने येतात. बीआरसीए, लिंच, ली-फ्राउमेनी, एफएपी ही नावं तुम्हाला पाठ आहेत. दोष आईकडून येतो तसाच बापाकडून येतो आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. हेही पाठ आहे. तरी आपल्या केसपेपरवर आत्या नसते! ती लग्न होऊन करमाळ्याला गेली की आपल्या लेखी घरातून गेली. तिचं चाळिशीतलं स्तनाचं ऑपरेशन भाचीच्या कागदावर कधी येत नाही.

सकाळी वाद रंगला, की घरातल्या तरुणांना या वारशाबद्दल सांगावं कधी. एक ज्येष्ठ म्हणाले, लग्न उरकू द्या. दुसरे म्हणाले, कोवळं वय, धक्का बसेल. दोघांबद्दल मला आदर आहे आणि दोघांचंही मला पटत नाही.

उजनीच्या पाण्याकाठचं एक घर. बाप पस्तिशीत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेलेला. पोरगा विशीतला. शौचातून रक्त पडायचं, तर मूळव्याध समजून मेडिकलमधून गोळ्या आणायचा. तपासात आतड्यात शेकड्यांनी पॉलिप, म्हणजे एफएपी. चुलते मला बाजूला घेऊन म्हणाले, "डॉक्टर, त्याला कळू देऊ नका, सोयरीक चालू आहे." मी चुलत्यांना बाहेर बसवलं आणि पोराला सगळं सांगितलं. त्याने आधी विचारलं, धाकट्या बहिणीचं काय. मग विचारलं, भरतीला उतरू का. घाबरला होताच, पण प्रश्न नेमके होते. ऑपरेशन झालं. पुढे स्थळं आली तेव्हा त्याने स्वतःच सांगितलं. एक सोयरीक मोडली, दुसरी जमली.

एफएपीत दहा-बारा वर्षांपासून दुर्बिणीची तपासणी लागते. आतडं वेळेत काढलं नाही, तर चाळिशीपर्यंत कॅन्सर जवळजवळ ठरलेला. तिथे लग्नाची वाट बघणारे आपण कोण? स्तनाच्या कॅन्सरमागच्या बीआरसीएचं वेगळं. तिथे लहानपणी तपासून हाती काही लागत नाही. पोरगी सज्ञान होऊ द्या, मग तपासायचं की नाही ते तिला ठरवू द्या. तिला, तिच्या मामाला नव्हे. रिपोर्ट ज्याच्या रक्ताचा, त्याच्या हातात.

खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक केंद्रात कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे. आधी आजारी माणसाचं रक्त तपासून घरातला दोष हुडकायचा, मग बाकीच्यांत तेवढाच शोधायचा. काम सोपं होतं. पण भिगवणहून खारघरला जायचं तर रोज बुडतो, आणि धडधाकट पोराला सुट्टी मागायला कारण सापडत नाही. आजारी माणसासाठी योजना असतात, वर्गणी निघते. दरवर्षी तपासणीला जाणाऱ्या निरोग्याची सोबत करायला मात्र कुणी नसतं. एकटा जातो, एकटा येतो, घरी सांगतो मित्राच्या लग्नाला गेलो होतो.

अशा पोरापोरींची महिन्यातून एक बैठक भिगवणला घ्यावी, असं मनात आहे. वडीलधाऱ्यांना बंदी. जागा बघू, समुपदेशकही बघू. माहेर-सासर धरून तीन पिढ्यांची वंशावळ लिहिण्याचा नमुना मी करून देईन. छपाईचं कुणी तरी अंगावर घ्या.

मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे: चुलते ऐकत नाहीत, त्यांना काय सांगायचं? सांगा, आधी पोराला विचारून या, मग बोलू.