हौसेचे झाड आणि पोटाचे झाड



झाडावर चढणे हा परदेशात खेळ झाला आहे, हे प्रथम ऐकले तेव्हा आम्ही मनात हसलो. आमच्या संघटनेत रस्त्याकडेची झाडे छाटणारे कंत्राटी मजूर आहेत. त्यांच्यापैकी कुणी रविवारी हौसेने झाडावर चढल्याचे आम्ही पाहिले नाही. परंतु मिळेल ते वाचीत गेलो, तसे हसू मावळले.

हा खेळ काढला कुणी? अमेरिकेतील अटलांटा शहरी झाडांच्या छाटणीचाच धंदा करणाऱ्या पीटर जेन्किन्स यांनी १९८३ साली संस्था काढली आणि सामान्य लोकांना दोराने झाडावर चढायला शिकविले. म्हणजे हा खेळ कामगाराच्याच दोरातून निघाला.

आज अशी मंडळी वस्ती सोडून दूर रानात जातात. वजनाची लहान पिशवी बारीक दोरीला बांधून उंच, भक्कम फांदीवरून फेकतात आणि तिच्यामागून जाड दोर ओढून घेतात. कमरेला व मांड्यांना पट्टा, डोक्याला शिरस्त्राण. दोराची गाठ अशी, की हाताने सरकविली तर सरकते, अंगाचा भार पडला की आवळते. दमलेला माणूस तिथेच बसून श्वास घेतो. सालीला जखम होते म्हणून खिळ्यांचे बूट वापरीत नाहीत. रात्री वर झोळीत निजले, तरी पट्टा सोडीत नाहीत. मुख्य नियम हा, की एकट्याने चढायचे नाही. रानात दवाखाना दूर. बेशुद्ध होऊन पट्ट्यात लोंबकळणाऱ्याला लवकर उतरविले नाही, तर जिवावर बेतते. म्हणून ते काम जाणणारा दुसरा माणूस जवळ हवाच.

उत्तर कॅलिफोर्नियातील रेडवूडच्या अरण्यात १९८७ साली स्टीव्ह सिलेट हा विद्यार्थी एका प्रचंड वृक्षावर दोराशिवाय चढला. दैवाने वाचला. पुढे तो शास्त्रज्ञ झाला. २००६ साली जगातील सर्वांत उंच ज्ञात वृक्षाच्या शेंड्यावरून फीत सोडून त्याने उंची मोजली, ती ११५.५५ मीटर भरली. त्या वेळी मात्र तो दोराने चढला होता.

आता आमच्याकडची गोष्ट. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत आमचा एक सोबती गुलमोहरावरून पडला. कमरेला सुंभाची दोरी होती. ती ज्या फांदीला बांधली, तीच मोडली. खाली फांद्या गोळा करणारा एक पोरगा तेवढा होता. ठेकेदार म्हणाला, "त्याला चढायची सवय होती, लक्ष नसेल." सोबती जगला, पण पुन्हा पायांवर उभा राहिला नाही.

हौसेने चढणाऱ्याला दोर, शिरस्त्राण आणि जोडीदार. पोटासाठी चढणाऱ्याला नुसती सवय! त्या हौशी मंडळींचा आम्हांला हेवा नाही. उलट त्यांचे आम्ही ऋणी आहोत. सुट्टीच्या दिवशी, भर रानात हे नियम पाळता येतात, हे त्यांनी दाखविले. मग भर शहरात, कामाच्या दिवशी ते का पाळता येऊ नयेत?

तेव्हा यंदा आपल्या दारातले झाड छाटायला माणूस येईल, त्या वेळी दर ठरविण्यापूर्वी ठेकेदाराला दोन गोष्टी विचारा. दोर कुठे आहे? आणि याला उतरविणारा दुसरा माणूस कोण?