तिथीची पाऊणपट : अलिबागेतील एक आठवडा



मी मराठवाड्यातील ताडकळस गावचा. आमच्याकडचे सारे पाणी गोदावरीस मिळते आणि ती ते पूर्वसमुद्रास नेऊन घालते. त्यामुळे पश्चिमेचा समुद्र आम्हांस नकाशापुरताच ठाऊक. उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांच्या आकृत्या मी फळ्यावर किती वेळा काढल्या, त्याची गणती नाही. प्रत्यक्ष समुद्र मात्र नोकरी संपेपर्यंत पाहिला नव्हता. गेल्या माघ वद्य प्रतिपदेस पत्नी व दहा वर्षांचा नातू यांसह अलिबागेस गेलो, तेथली हकीकत आज सांगावयाची आहे.

परभणीहून रात्रीच्या गाडीने मुंबई, आणि तेथे अपोलो बंदरावरून मांडव्याची लाँच. तासाभराचा प्रवास. समुद्रपक्षी बोटीबरोबर उडत येतात आणि उतारू त्यांना खाऊ फेकतात. हा खेळ नातवाने सोडला नाही. मांडव्यास उतरल्यावर त्याच तिकिटावर अलिबागेपर्यंत बस मिळते. पावसाळ्यात या लाँचा बंद असतात, हे मात्र ध्यानात असू द्यावे. भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसह माणसे नेणारी मोठी बोट २०२० साली सुरू झाली आहे. एरवी वडखळवरून सडकेने जावे. गावोगाव फिरावयास एस्.टी. आहे आणि मिनिडोर आहे. मिनिडोर म्हणजे तेथली मोठी रिक्षा. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली म्हणजे किती, हे चालकच ठरवितो.

आम्ही नागावच्या एका नारळी-पोफळीच्या वाडीत घरगुती खानावळीत उतरलो. आम्ही माळकरी, घर मासे खाणारे. आम्ही काही बोलण्यापूर्वीच गृहिणीने गळ्यातील माळ पाहिली आणि आमची भांडी वेगळी काढली. तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे हे तेथले नित्याचे जेवण. वाल भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोलावयाचा, मग त्यात ओले खोबरे व आमसूल. ज्वारीच्या भाकरीवर हात बसलेल्या आमच्या मंडळींची तांदळाची भाकरी पहिल्या दिवशी तीन ठिकाणी तुटली. पिठाची उकड काढावी लागते, हे गूढ त्यांना दुसऱ्या दिवशी उकलले. हिवाळ्यात वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरतात, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करतात. तिला पोपटी म्हणतात. अलिबागेचा पांढरा कांदा तर गोड इतका की नातवाने नुसताच खाल्ला.

गावात इस्राएल आळी आहे. मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक शतकानुशतके या किनाऱ्यावर राहिले, तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून त्यांस शनवार तेली म्हणत. नवस फेडताना पोहे, खोबरे, साखर व फळे यांचा मलिदा ते एलियाहू प्रेषिताच्या नावे करतात. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. त्यांचे प्रार्थनामंदिर उभे आहे. आम्ही बाहेरूनच पाहिले.

आता मुख्य गोष्ट. किनाऱ्यासमोर दीडएक किलोमीटरवर कुलाबा किल्ला आहे. शिवछत्रपतींनी १६८० त त्याचे काम आरंभिले, संभाजीराजांनी पुरे केले, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांचे आरमार येथून वावरले. ओहोटीस तेथे पायी जाता येते. द्वितीयेस सकाळी आठाला आम्ही ओल्या वाळूवरून आणि खडकांवरून सहज चालत गेलो. आत १७५९ चे सिद्धिविनायकाचे देऊळ, गोड्या पाण्याचे तळे. तटाजवळ यॉर्कशायरमध्ये ओतलेल्या दोन तोफा आहेत. त्यांवर १८४९ हे साल वाचून मी नातवास इतिहास सांगत बसलो. शिक्षकाची खोड! दहा केव्हा वाजले कळले नाही.

बाहेर आलो तो आलेली वाट पाण्याखाली. नातू पुढे धावला. पाणी त्याच्या मांड्यांपर्यंत आले आणि तो एकदम थबकला. माझ्याने हाकही नीट मारवेना. मागून एक वयस्क कोळीण आली. तिने पोराचा दंड धरून त्यास मागे ओढले, आणि मला म्हणाली, “बाबा, आज बीज हाय. पानी कोनासाठी थांबत नाय.” तिनेच घोडागाडीवाल्यास हाक मारली. गाडीत बसलो तेव्हा पाणी चाकांच्या तुंब्यांना लागत होते.

वाटेत तिने हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती पुरी. बीज म्हणजे दीड. तिच्याआधी सहा तास ओहोटी, म्हणजे साडेसातच्या सुमारास. अष्टमीस सहा वाजता भरती, पण ती भांगाची. तेव्हा पाणी फारसे उतरतच नाही, किल्ल्यावर पायी जाण्याचा विचारही करू नये. पौर्णिमेस सव्वाअकरा. घड्याळाशी पाच-पन्नास मिनिटांचा फरक पडतो, पण कोळ्यांचे काम अडत नाही. मी चंद्र-सूर्याचे आकर्षण समजावून सांगत आलो. हा पाऊणकीचा पाढा मला कोणी शिकविला नव्हता.

जवळच १९०४ पासूनची चुंबकीय वेधशाळा आहे. विजेच्या ट्रामगाड्यांमुळे मुंबईतील सुया डळमळतील, म्हणून ती इकडे आणली. पण नातवाचे लक्ष आता भलतीकडेच होते.

सप्तमीस परत निघालो. मांडव्याच्या धक्क्यावर त्याने बोटे मोजून खलाशास विचारले, “काका, आज भरती सव्वापाचाला ना?” खलाशाने दोर सोडता सोडता धक्क्याच्या ओल्या पायऱ्यांकडे पाहिले आणि मान हलविली.