पत्र्याला घाम फुटतो तेव्हा

(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्यात बोलायला उभे राहिले की भावाचे बोलायचे, कर्जाचे बोलायचे, विजेचे बोलायचे, ही आपली सवय. आज आम्ही डोक्यावरच्या पत्र्याविषयी बोलणार आहोत. हसू नका. या पत्र्याचा आणि कापसाच्या भावाचा संबंध आहे, आणि तो आम्हाला नुकसान सोसून कळला.

वेचणी होते, भाव पडलेला असतो, थोडे थांबू म्हणून आपण माल घरातच टाकतो. ज्या खोलीत कापसाचा ढीग, त्याच खोलीत ज्वारीची पोती आणि तिथेच पोराबाळांची अंथरुणे. आमच्याकडेही तेच होते. पौषातल्या एका पहाटे बघतो तर ढिगाचा वरचा थर दमट. आम्ही म्हटले, पत्रा गळतो, वरचे दव आत येते. शिडी लावली, खिळ्यांची भोके डांबराने बुजवली. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. मग बॅटरी घेऊन पत्र्याच्या आतल्या बाजूने हात फिरवला. हात ओला झाला. भोक एकही नव्हते आणि पत्रा मात्र घामाने निथळत होता.

पाणी बाहेरून येतच नव्हते. ते घरातले होते.

थंडगार पाण्याने भरलेला तांब्या बाहेरून ओला होतो. तांब्या काही गळत नाही. हवेतली वाफ गार धातूला लागली की तिचे पाणी होते. पत्र्याचे तसेच आहे. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असते. रात्री पत्रा आपली सगळी ऊब आभाळाकडे सोडून देतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतो. खाली चारपाच माणसांचा श्वास, चुलीवरच्या डाळीची वाफ, दोरीवरचे ओले कपडे आणि कापसाचा स्वतःचा ओलावा. ही सगळी वाफ वर जाते, गार पत्र्याला लागते आणि थेंब होऊन पुन्हा आपल्याच मालावर पडते.

आता त्याचे मोल बघा. कापूस महामंडळाच्या हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण दर मिळतो. ८ च्या वर १२ पर्यंत दर कापतात. १२ च्या वर माल घेतच नाहीत. खाजगी व्यापारी तर ढिगात हात घालूनच तोंड वाकडे करतो. उन्हातान्हात वेचलेला कोरडा कापूस घरात आणून आपणच ओला करायचा आणि कपात दुसऱ्याने केली म्हणून ओरडायचे, असे आमचे चालले होते. ज्वारीचे पोते दमट झाले तर बुरशी धरते, ते वेगळेच.

म्हातारी माणसे म्हणतात, आमच्या माळवदाच्या घरात असे कधी झाले नाही. खरे आहे. जाड मातीचे छप्पर थंडीत ऊब धरायचे, उन्हाळ्यात गारवा द्यायचे. मग ते का सोडले? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. गणपती बोळवून माणसे झोपली होती. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि वरचे मातीचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. १० फूट बाय १५ फुटांच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे १५० घनफूट. घनफुटाला ४५ किलो धरली तरी ६७ क्विंटल होते. तेवढ्याच खोलीचा पत्रा एक क्विंटलही भरत नाही. म्हणून माळवदाकडे परत चला, असे आम्ही कुणालाही सांगणार नाही. पत्रा हलका आहे, तो राहू द्या. त्याला फक्त अस्तर हवे.

अस्तर कशाचे? गोधडीला ऊब कशाने येते ते बघा. जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये हवा अडकते. अडकलेली, न हलणारी हवा उष्णता सहज जाऊ देत नाही. कोंबडी थंडीत पिसे फुलवून बसते ती याच्यासाठी. मातीच्या छपरात वजन होते, त्यामुळे दिवसाची ऊब साठायची. हा गुण हलक्या अस्तरात येणार नाही. पण ऊब निसटू न देण्याचे काम हलके अस्तरही करते, आणि त्याला वजन लागत नाही.

पहिल्या वर्षी आमची चूक झाली. प्लास्टिकचा कागद आणला आणि पत्र्याला चिकटवूनच ताणला. कागदही पत्र्याइतकाच गार पडला. घाम कागदाच्या खालून सुटायला लागला. पैसे गेले आणि कापूस ओला तो ओलाच.

दुसऱ्या वर्षी नीट विचार करून केले. ते असे. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या कामट्यांची चौकट वाशांना तारेने टांगली. पत्र्याला एकही नवे भोक पाडले नाही. चौकटीवर आधी प्लास्टिकचा कागद, म्हणजे तो खोलीच्या बाजूला आला. त्याच्यावर बारदानाचे दोन थर. मग वीतभर मोकळी हवा आणि वर पत्रा. हा क्रम लक्षात ठेवा. प्लास्टिक खाली, उबेच्या बाजूला, म्हणजे घरातली वाफ पत्र्यापर्यंत पोचतच नाही. वर बारदान असल्यामुळे प्लास्टिक गार पडत नाही. वरच्या पोकळीची वळचणीकडची दोन्ही तोंडे उघडी ठेवली, त्यांना उंदीर शिरू नये म्हणून जाळी लावली. तिथे थोडे दव उतरलेच तर बारदान ते पिते, आणि दिवसा पत्रा तापला की वाळते. प्लास्टिकच्या कडा मात्र भिंतीशी पट्टी ठोकून बंद करा. कडेला फट राहिली तर वाफ तिथूनच वर जाते.

हिशेब सांगतो. उसवून पसरलेली पोत्याची एक गोणी साधारण १२ चौरस फूट भरते. शिवणीत दोनेक फूट जातात. १५० चौरस फुटांच्या खोलीला एका थराला १५ गोण्या, आणि उतारासाठी दोनतीन जास्त. दोन थरांना ३५ धरा. बारदान घरचेच जुने, कामट्या बांधावरच्या. विकत आणले ते प्लास्टिक, तार, जाळी आणि सुतळी. दाभण घेऊन गोण्या शिवल्या त्या घरच्या बायांनी. आम्ही पुरुष शिडी धरून उभे होतो, हे इथे कबूल केलेले बरे.

काय वापरू नये तेही ऐका. पऱ्हाटी छताला लावू नका. तिच्यावरच्या न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, म्हणजे पुढच्या वर्षीची कीड आपण घरात पोसणार. कडबा लावू नका. तो जनावरांचा घास आहे, आणि ठिणगीची वाट बघणारे सरपणही. थर्माकोल स्वस्त दिसतो, पण पेटला की त्याचा काळा धूर माणसाला दार सापडू देत नाही. बारदान आणि प्लास्टिकही पेटतेच. म्हणून ज्या खोलीत चूल आहे तिथे हे अस्तर बांधायचेच नाही. विजेची तार पाइपातून न्या, उघडा जोड ठेवू नका. कापसाच्या खोलीत बिडी नको, हे सांगायला लागू नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचे. खोली उबदार झाली, फटी बुजल्या, की कुणीतरी शेगडी आत घेऊन दार लावतो. बंद खोलीत धुमसणाऱ्या निखाऱ्यांचा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. शेगडी अंगणात. खोलीत अस्तराच्या खाली समोरासमोरच्या भिंतींत वीतभर जाळी उघडी ठेवा. थोडी ऊब जाईल, जाऊ द्या.

कापूस भिंतीला टेकवू नका, खाली फळ्या किंवा पाट टाका, आणि ऊन दाखवल्याशिवाय आत घेऊ नका. होळी झाली की अस्तर एकदा उतरवा, बारदान उन्हात झटका आणि पुन्हा बांधा. उंदराने घर केले की मागून साप येतो. उन्हाळ्यातही हेच अस्तर पत्र्याची आग अडवते. वरून पत्र्याला चुना मारला तर आणखी बरे.

अस्तर बांधले त्या हिवाळ्यात आमच्या ढिगावर थेंब पडला नाही. लेकरे एका वाकळीत झोपली, आधी दोन लागायच्या. भाव वाढला नाही. पण ओलाव्याच्या नावाने कापून घ्यायला आम्ही कुणाला जागा ठेवली नाही.

उद्या पहाटे उठाल तेव्हा दिवस उगवायच्या आत पत्र्याला आतून हात लावून बघा. हात ओला झाला तर बारदान मोजायला घ्या.