विजार, पाटलोण आणि पँट



सुटीच्या दिवशीं घरांतला तरुण जें सैल वस्त्र पायांत चढवितो, त्यास तो सरसकट 'पँट' म्हणतो. आजोबा त्यालाच 'पाटलोण' म्हणाले, कीं नातवंडांत हंशा पिकतो. आज या हंशाविषयींच चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम शब्दांचें कूळ पाहूं. 'पायजमा' हा फारसी. 'पाय' म्हणजे पाऊल व 'जामा' म्हणजे वस्त्र. अरबी 'इजार' मराठींत आली ती 'विजार' होऊन. व्हेनिसच्या जुन्या प्रहसनांत पँटालोने नांवाचा एक कंजूष म्हातारा असे. त्याच्या लांब विजारीवरून युरोपांत 'पँटलून' हा शब्द रूढ झाला. आम्हीं त्याची 'पाटलोण' केली, तर इंग्रजींत शेपूट छाटून 'पँट' झाली. म्हणजे आजोबांचा शब्द आणि नातवाचा शब्द हे सख्खे भाऊच होत! मग हंसावें कोणीं कोणास?

आतां उलट दिशेचा प्रवास पाहा. मुंबईच्या डोंगरी भागाच्या नांवानें ओळखलें जाणारें जाडेंभरडें सुती कापड इंग्रज व्यापाऱ्यांनीं परदेशीं नेलें. त्याच्या विजारी खलाशांनीं व मजुरांनीं वापरल्या आणि इंग्रजींत शब्द रुजला 'डंगरी'. आज तोच शब्द दुकानांत परतला आहे. परंतु खुद्द मुंबईची गृहिणीही त्यास विलायती समजते. 'खाकी'ची कथाही अशीच. 'खाक' म्हणजे धूळ, हें तिचें मूळ.

निळ्या जीन्सचा तोरा तर विचारूंच नका! तिचें नांव इटलींतील जेनोआ शहरावरून पडलें आणि 'डेनिम'चें फ्रान्समधील नीम शहरावरून. खिशांचे कोपरे उसवूं नयेत म्हणून तांब्याच्या रिव्हेटी ठोकण्याचें पेटंट जेकब डेव्हिस व लेव्ही स्ट्रॉस यांनीं अमेरिकेंत १८७३ सालीं घेतलें, तें कष्टकऱ्यांच्या विजारींसाठीं. मजुराचें वस्त्र आज श्रीमंताच्या दिवाणखान्यांत बसतें.

तेव्हां परका शब्द घेण्यांत कमीपणा नाहीं. आमच्या पूर्वजांनीं तो घेतला, जिभेवर घोळविला आणि आपलासा केला. खरी हानि निराळीच आहे. आंखूड तो चोळणा, घोट्याशीं तंग ती सुरवार, नेफ्यांत नाडी ओंवलेला तो पायजमा, असा विवेक आमच्या भाषेंत होता. या सर्वांस एकच 'पँट' म्हटलें, कीं शब्द तर जातातच, पण वस्तूंतला भेद पाहणारी दृष्टीही मंदावते.

म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांस माझी विनंति आहे. मुलांना जीन्स खुशाल घालूं द्या. परंतु कपाटांतील कपड्यांच्या घड्या घालतांना प्रत्येकाचें जुनें नांवही त्यांच्या कानांवर घाला. आणि कोणी 'पाटलोण' शब्दास हंसलें, तर त्यास व्हेनिसच्या त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगा.