काटकसरी की कंजूष?
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला परदेशी शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षांवर बोलायला सांगितलंय. त्यातला एकच कोपरा मी घेते : जीआरईसाठी शिकावी लागणारी इंग्रजी विशेषणं. आपल्यासारख्या मराठी माध्यमातल्या मुलांना गणितापेक्षा धास्ती असते ती यांचीच.

आमच्या वेळी शब्दांचा विभाग ३० मिनिटांत ३० प्रश्नांचा होता. त्यात विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या असत. मागेपुढे वाक्य नाही. शब्द ओळखीचा असला तर उत्तर, नाहीतर अंधारात दगड. म्हणून बॅरन्सच्या पुस्तकातली ३,५०० शब्दांची यादी मुलं घोकत बसायची. ऑगस्ट २०११ मध्ये हे दोन्ही प्रकार परीक्षेतून गेले. आता शब्द वाक्यातच विचारतात. एका प्रकारात सहा पर्यायांमधून असे दोन शब्द निवडायचे, की कुठलाही घातला तरी वाक्याचा अर्थ तोच राहील. दोन्ही बरोबर आले तरच गुण. एकाला अर्धा गुण नाही.

म्हणजे नुसता अर्थ पाठ असून भागत नाही, छटा कळावी लागते. आणि छटा कळायला इंग्रजी घरात जन्म घ्यावा लागत नाही. हे वाक्य बघा : 'मावशी पैशाच्या बाबतीत अगदी अमुक होत्या, म्हणूनच चार भाच्यांची शिक्षणं झाली.' अमुकच्या जागी काय घालाल? काटकसरी. आता 'म्हणूनच' काढून 'तरीही' घाला. लगेच तुमच्या तोंडी कंजूष येईल! मावशी त्याच, पैसे तेवढेच. एका उभयान्वयी अव्ययानं विशेषण फिरवलं. इंग्रजीत काटकसरीला फ्रूगल आणि कंजूषला पार्सिमोनियस म्हणतात, एवढीच भर घालायची. परीक्षेतही आधी 'म्हणून', 'पण', 'तरी' शोधायचे, मग पर्यायांकडे बघायचं.

बोलण्याचंही तसंच. बोलका, बडबड्या, वाचाळ, पाल्हाळिक, हे चार शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरत नाही. उलट बाजूला मितभाषी, अबोल आणि घुमा. घुमा म्हटलं की माणूस आवडलेला नाही, हे आपोआप कळतं. इंग्रजीत मोजकं बोलणाऱ्याला लॅकोनिक म्हणतात. लॅकोनिया हा ग्रीसमधल्या स्पार्टाचा प्रदेश. तिथली माणसं कमी बोलण्याबद्दल प्रसिद्ध होती. आठवीत संस्कृतच्या तासाला वच् धातूपासून वक्ता आणि वाचाळ कसे झाले ते शिकतो, तसंच लॅटिनमधल्या 'बोलणे' या क्रियापदापासून लोक्वेशस आणि एलोक्वंट झाले. पहिला बडबड्या, दुसरा प्रभावी वक्ता. एक धातू धरला की चार-पाच शब्द हाती येतात.

आता दहावीची मुलं विचारतील, परीक्षा संपल्यावर याचा उपयोग काय? माझ्या क्षेत्रात दरवर्षी सहकाऱ्यांच्या कामाचं लेखी मूल्यमापन होतं. मुद्दा ठामपणे मांडणारा तरुण असर्टिव्ह ठरतो आणि तसाच मुद्दा तशाच आवाजात मांडणारी तरुणी अॅग्रेसिव्ह ठरते, असं बऱ्याचदा दिसतं. त्या एका शब्दावर बढती अडते. ठाम आणि आक्रमक यांतलं अंतर ज्याला कळतं, तो लिहिणाऱ्याला विचारू शकतो, 'तिनं नेमकं काय केलं ते लिहा.' मी तो प्रश्न विचारते. केलेलं काम लिहायला बसलं की पुष्कळदा आधीचं विशेषण गळून पडतं. विशेषण हे माणसाचं वर्णन जितकं, तितकंच बोलणाऱ्याचं मत असतं.

म्हणून मुलांनो, यादी ए पासून झेडपर्यंत घोकू नका. एका पानावर शब्दांचं एक कुटुंब मांडा, कौतुकाकडून निंदेकडे. प्रत्येकासमोर मराठी शब्द लिहा आणि तुमच्या गल्लीतल्या माणसावर एक वाक्य रचा. वही मात्र त्या माणसाच्या हाती लागू देऊ नका! रोज पाच शब्द घेतलेत तर वर्षाला अठराशेच्या वर होतील. मराठीची पुंजी आपल्या बाईंनी आणि सरांनी या वर्गांमध्येच दिलेली आहे. ती कमी समजू नका.